ग्लेनिसचा कॉड आणि आईचा डबा

माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. दर हिवाळ्यात तो एका गोठलेल्या तळ्यावर खुर्ची टाकून बसतो, बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडतो आणि वर आलेल्या बरबॉटबरोबर फोटो काढून मला पाठवतो. बरबॉट म्हणजे बुळबुळीत अंगाचा, हनुवटीला एकच मिशी असलेला मासा. दिसायला दिव्य आहे, पण भावाच्या चेहऱ्यावर असा आनंद असतो की जणू नवरदेव बोहल्यावर उभा आहे. फोटोखाली दरवर्षी तेच वाक्य: "तुमच्याकडे काय, ऊनच ना?"

या जुलैत मी उलट त्यालाच एक फोटो पाठवला. अंगात चार थर, नाक लालबुंद, हातात रॉड आणि रॉडला लोंबणारं बर्फ. पाच मिनिटांत त्याचा फोन. "ताई, तू नक्की कुठे आहेस?"

मी ऑस्ट्रेलियातच होते. ज्यांना ऑस्ट्रेलिया म्हणजे समुद्रकिनारा आणि टोपी एवढंच वाटतं त्यांच्यासाठी सांगते, आमचं टूवूंबा डोंगरावर आहे आणि जुलैत सकाळी गाडीची काच खरवडूनच ड्युटीला निघावं लागतं. तिथून दक्षिणेला चार-पाच तास गाडी हाकली की न्यू साउथ वेल्समध्ये कोपटन नावाचं धरणाचं अवाढव्य तळं लागतं. काठाला हत्तीएवढे गोल दगड, पाण्यात बुडून वाळलेली झाडं, आणि माणूस औषधालाही दिसत नाही. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या खाली जातो. तळं गोठत नाही, पण बाकी सगळं गोठतं, आणि नेमक्या त्या थंडीत मरे कॉड नावाचा इथला गलेलठ्ठ मासा गळाला लागतो. भावाने लगेच अक्कल शिकवली की बरबॉट खऱ्या कॉडच्या घराण्यातला आहे, तुमचा तो नुसता नावाचा कॉड. म्हटलं, तू तुझा खरा खा, मी माझा खोटा खाते.

कुंपणापलीकडे

खरं तर मासे धरणं हा माझा प्रांत नाही. मी अलिबागची. (हो, खरीच अलिबागची, विनोद करून झाला असेल तर पुढे जाऊ.) आमच्याकडे मासा बाजारात जाऊन, कल्ले उघडून बघून, भाव पाडून आणायचा असतो. आणि तो समुद्राचा. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल चावणं, असं माझ्या आईचं ठाम मत होतं आणि ते मी फार्मसीच्या डिग्रीसकट इथे घेऊन आले होते.

गेले ते ग्लेनिसमुळे. ग्लेनिस आमची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या केसांची आणि अखंड बोलणारी. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात ती प्लेटभर लॅमिंग्टन घेऊन दारात उभी. चॉकलेट आणि खोबऱ्यात घोळवलेला केक तो. आता आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करतात का? मी प्लेटमधून बटाटेवडे पाठवले. मग कधीतरी माझ्या स्टीलच्या डब्यातून पोहे गेले, आणि डबा परत आला तो घासूनपुसून लख्ख, पण रिकामा. मी काही बोलले नाही. बोलली माझी मुलगी इरा, तेव्हा पाच वर्षांची: "Mum says you never give it back empty." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

ग्लेनिस मात्र खूश झाली. "नियम आहे होय? सांगायचंस ना." त्या दिवसापासून तो डबा एकदाही रिकामा आला नाही. कधी तिने भाजलेले स्कोन, कधी तिच्या झाडाची लिंबं. एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा डब्याच्या तळाशी एक अंडं ठेवून घेऊन आली. डब्यावर माझ्या आईचं नाव कोरलेलं आहे, 'सुमन'. लग्नात मिळालेला तिचा डबा, तिच्यामागे माझ्याकडे आला. ग्लेनिसने एकदा अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं की हे कशाला. मी सांगितलं की आमच्याकडे भांडी गावभर फिरतात, नाव असलं की परत येतात.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा बॅरी गेला. यंदा तिने घर विकलं आणि पर्थला लेकीकडे जायचं ठरवलं. पर्थ म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तिला सामान बांधायला मदत करत होते तेव्हा गॅरेजमध्ये बॅरीचे रॉड निघाले आणि ग्लेनिस खोक्यावर बसली. बॅरी दर हिवाळ्यात कोपटनला जायचा. ही बरोबर असायची, बेकन तळायची, कॉफी करायची, पण रॉड तिच्या हातात कधी आला नाही. बॅरी म्हणायचा, "ग्लेन, तू किनाऱ्यावर बोललीस तरी मासे पळतात."

"माझ्या हाताने एक कॉड," ती म्हणाली. "एकच. पर्थला गेले की झालंच. तू येशील?"

मी हो म्हणून गेले. नुसतं हो म्हणून थांबले असते तर ती मी कसली. टूवूंबातल्या आमच्या मराठी मंडळींना मी परतायच्या दिवशी, रविवारी रात्री जेवायला बोलावलं. मेनू: ताज्या कॉडचं कालवण, तळलेल्या तुकड्या, भात. निमित्त: ग्लेनिसचा निरोप.

नवरा, सतीश, शांतपणे म्हणाला, "बाजारात तुरी. फ्रीझरमध्ये दुकानातला बासा मासा आणून ठेवू का?"

मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

शुक्रवार, वाटेवर

ग्लेनिसची जुनी युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, हौद्यात तंबू आणि बर्फाची पेटी, पुढे आम्ही दोघी. वाटेत टेक्सस नावाचं गाव लागलं. मी लगेच भावाला मेसेज केला, "टेक्ससला पोचले." त्याला तासभर घोळात ठेवलं. गावात एक बेकरी, एक पब आणि रस्त्यावर एक कुत्रा. बेकरीतल्या बाईने आम्हाला "गर्ल्स" म्हणत दोन मटण-पाय, म्हणजे खिमा भरलेल्या बंद पेस्ट्र्या, दिले आणि कुठे निघालात विचारलं. कॉड धरायला म्हटल्यावर तिने आधी ग्लेनिसकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि आणखी दोन पिशवीत टाकले. म्हणाली, "लागतील तुम्हाला."

गाडीत ग्लेनिसने मला नियम पढवले. इथे मासेमारीला परवाना लागतो, तो आम्ही फोनवर काढला होता. कॉड पंचावन्न सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर पाण्यात परत. पंचाहत्तरपेक्षा मोठा असेल तरीही परत, कारण मोठे मासे म्हणजे पुढच्या पिढ्यांचे आईबाप. मधला असेल तर ठेवता येतो.

मला घाम फुटला. म्हणजे नुसता लागून उपयोग नाही, मापाचा लागला पाहिजे. लग्नाच्या बाजारात मुलीची उंची बघतात तसं झालं हे. आणि मी डझनभर माणसं बोलावून बसले होते.

"ग्लेनिस, हे आधी सांगायचंस ना."

"तू विचारलंस कुठे? तू तर खोबरं खवत होतीस."

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि तळं सोन्याच्या पत्र्यासारखं पडलं होतं. इतकं पाणी आणि इतकी शांतता मी एका जागी कधी पाहिली नव्हती. अलिबागचा समुद्र सतत काहीतरी बोलत असतो. इथलं पाणी गप्प, आणि मग त्या दगडांमधून पन्नासेक कांगारू मान वर करून आमच्याकडे बघायला लागले. लग्नघरात उशिरा पोचल्यावर सगळे बघतात ना, अगदी तसं. मला फार आवडून गेलं ते.

शनिवार, कोपटन

सकाळी तंबूची चेन उघडेना. गोठली होती. आत बसून मी हिंदीत, मराठीत आणि शेवटी इंग्लिशमध्ये तिला विनवलं. बाहेर आले तर गवत पांढरं, बादलीतलं पाणी कडक, आणि मी रात्री दोरीवर टाकलेला टॉवेल पापडासारखा उभा. चहा करावा म्हटलं तर छोट्या शेगडीचा गॅसही थंडीने बसलेला. ग्लेनिसने गॅसचं डबडं उचलून आपल्या जॅकेटच्या आत, थेट पोटाशी धरलं. "थांब, याला जरा माया लागते," म्हणाली. पाच मिनिटांनी शेगडी पेटली. आल्याचा चहा घेताना दोन्ही हातांनी कप धरून आम्ही दोघी खुदुखुदु हसत होतो, कशाला ते विचारू नका.

पोळ्या आणि लसणाची चटणी मी घरून आणली होती. पाठ वळली तेवढ्यात एका कांगारूने पिशवीत तोंड घातलं. पोळी सोडून नेमका चटणीत गेला. मग जो शिंकला म्हणता, कान हलवत, पाय आपटत, शिंकतच तो टेकडीपार गेला. दिवसभर एकही कांगारू आमच्याकडे फिरकला नाही.

कॉडसाठी इथे आमिष नसतं, ल्यूर असतो. साबणाच्या वडीएवढा लाकडी मासा, पोटाला गळ. तो लांब फेकायचा आणि हळूहळू रीळ फिरवत पाण्यावरून आणायचा, म्हणजे खालच्या कॉडला वाटतं एखादं बदकाचं पिल्लू चाललंय. पाचसहा वेळा फेकलं की रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतं आणि दोरी सरकत नाही. मग रॉडचं टोक तळ्यात बुचकळायचं. थंडी इतकी की पाणीच कोमट लागत होतं.

दुपारपर्यंत मला जमायला लागलं. लागलं म्हणजे ल्यूर झाडाऐवजी पाण्यात पडायला लागला. ग्लेनिस माझ्यापासून जरा लांब, एका दगडावर बॅरीचा रॉड घेऊन उभी होती. आणि गप्प. मी तिला इतकी गप्प कधी पाहिली नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे पाण्यावर. बॅरीचा नियम ती पाळत होती.

संध्याकाळी, सूर्य टेकडीला टेकलेला असताना, माझ्या ल्यूरच्या जागी पाणी फुटलं. विहिरीत कुणी पाटा टाकावा तसा आवाज. ग्लेनिसने मला दहादा बजावलं होतं की आवाजावर ओढू नकोस, हाताला वजन लागेपर्यंत थांब. पण स्वभावाला औषध नसतं. मी "अगंबाई" म्हणून ओरडले आणि सगळ्या ताकदीने रॉड खेचला. मासा नुसता वास घेत होता बहुतेक. ल्यूर पाण्यातून सुटला, सुसाट माझ्या डोक्यावरून गेला आणि मागच्या झाडात जाऊन अडकला, माझी लोकरी टोपी घेऊन.

मला रडू यायचं बाकी होतं. तो मासा गेला, आणि त्याच्या मागून माझं कालवण गेलं. ग्लेनिस झाडाखाली आली, वर टोपीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बॅरीने आत्ता एक शब्द वापरला असता. मी तो चर्चला जाते म्हणून वापरत नाही." मग मात्र दोघींना हसू आवरेना.

फोनला टेकडीवर एक काडी रेंज यायची. सतीशला फोन केला. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "बासा आणलाय."

रविवार, शेवटची सकाळ

दहाच्या आत निघायचं होतं. उजाडताना आम्ही पुन्हा दगडांवर. पाण्यावर धुकं इतकं दाट की ल्यूर पडल्याचा फक्त आवाज यायचा. मी माझा रॉड बाजूला ठेवून दिला होता. म्हटलं, आता काही झालं तरी तिलाच लागू दे. जेवणाचं काय, बासा तर बासा. पण ही बाई रिकाम्या हाताने पर्थला गेली तर मला कायम चुटपुट लागेल.

ती फेकत होती, ओढत होती, टोक बुचकळत होती. तोंडातून चकार शब्द नाही. धुकं विरायला लागलं. तिचे खांदे पडलेले मला दिसले आणि माझ्याने राहवेना.

"ग्लेनिस, बोल ना काहीतरी."

तिने नकाराची मान हलवली.

"अगं, दोन दिवस गप्प बसून काय मिळालं? मला करमत नाही तू गप्प असलीस की. बॅरीचं काहीतरी सांग. तो कसा घोरायचा ते सांग."

तिने ल्यूर पुन्हा लांब फेकला. मग हळूच म्हणाली, "घोरायचा तर खराच. एकदा याच जागी इतका घोरला, की शेजारच्या तंबूतला माणूस जनरेटर बंद करा म्हणून सांगायला आला." आणि बांध फुटला. जनरेटरवरून ती त्यांच्या लग्नाच्या केकवर गेली, केकवरून बॅरीच्या आईवर, आणि बॅरीच्या आईने ग्लेनिसला पहिल्या ख्रिसमसला दिलेल्या इस्त्रीवर. आवाज चढला, हात हलायला लागले, ल्यूर कसाही वेडावाकडा येत होता. "इस्त्री, नीलिमा. नव्या सुनेला. आणि ती पण वापरले..."

धप्प.

ती ओरडली नाही, ओढलंही नाही. वाक्य अर्धं सोडून थांबली, वजन हाताला लागू दिलं, मग रॉड उचलला आणि तो कमानीसारखा वाकला. रीळ किंचाळायला लागलं. आणि ग्लेनिस बोलतच राहिली. "वापरलेली इस्त्री, मेल्या, इकडे ये, त्या झाडाखाली नको जाऊस, बॅरी, बघतोयस का, मी बोलतेय, बघ, मी बोलतेय." मी तिच्या कमरेला मागून मिठी मारून धरलं होतं, नाहीतर दोघीही तळ्यात गेलो असतो. पाय घसरत होते, दोघींच्या नाकातून पाणी वाहत होतं, आणि मी अलिबागच्या समस्त देवांना हाका मारत होते.

मासा काठाशी आला. हिरवट सोनेरी अंग, त्यावर शेवाळ्यासारखी नक्षी, आणि तोंड केवढं, आख्खा नारळ जाईल. मी जाळी खाली घातली आणि तो आत आला. मग ग्लेनिस गप्प झाली. ओल्या गवतावर गुडघे टेकून बसली आणि त्याच्या अंगावर हात ठेवला.

मी पट्टी लावली. अडुसष्ट. मापात.

खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात कालवण नव्हतं. "सोडायचा असला तर सोड," मी म्हटलं. "खरंच. घरी बासा आहे."

ग्लेनिसने मान हलवून नाही म्हटलं. युटकडे गेली आणि बर्फाच्या पेटीतून काहीतरी घेऊन आली. माझा डबा होता तो. आईचा. मी गेल्या महिन्यात त्यातून शिरा पाठवला होता आणि घराच्या आवराआवरीत तो पर्थच्या खोक्यांत गेला असणार असं धरून चालले होते, विचारायला जीभ रेटत नव्हती. तिने बॅरीच्या सुरीने, त्याला आयुष्यभर बघून शिकलेल्या हाताने, मासा मारला, साफ केला, तुकडे केले. पहिल्या तुकड्यांनी डबा गच्च भरला, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"तुझा डबा," ती म्हणाली. "रिकामा नाही."

मी तो घेतला आणि तिथेच, त्या दगडावर, भोकाड पसरलं. ग्लेनिस म्हणाली, "रडू नकोस, मिठाचं प्रमाण चुकेल."

घरी

त्या रात्री आमच्या छोट्या घरात इतकी माणसं होती की मुलं जिन्यावर जेवली. हिरवं वाटण, कोकम, वर कच्च्या खोबरेल तेलाची धार. आईची मनातल्या मनात माफी मागून सांगते, चिखलाचा वास नावालाही नव्हता. थंड पाण्यातला मासा, पांढराशुभ्र, लोणी लावल्यासारखा. पापलेटशी तुलना मी करणार नाही, अलिबागला मला तोंड दाखवायचंय. पण दुसऱ्यांदा भात सगळ्यांनी घेतला आणि सतीशने तिसऱ्यांदा. बासा अजून फ्रीझरमध्येच आहे.

ग्लेनिस मधोमध बसून हाताने जेवत होती आणि इस्त्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती. इरा तिला चिकटून बसलेली. "Nana Glenys, were you talking when you caught it?"

"ऑफ कोर्स, डार्लिंग. बोलले म्हणून तर आला तो."

ऑगस्टच्या सुरुवातीला ती गेली. सकाळी टॅक्सी दारात उभी असताना मी कुंपणापाशी गेले आणि तिच्या हातात डबा दिला. बेसनाचे लाडू, गळ्यापर्यंत भरलेले.

तिने आईच्या नावावरून बोट फिरवलं. "नीलिमा, हा तुझ्या आईचा आहे. मी पर्थहून परत कसा करणार?"

"ते तू बघ," मी म्हटलं. "नियम तुला माहीत आहे."

तिने डबा पर्समध्ये घालायचा प्रयत्न केला, मावला नाही, मग तो छातीशी धरूनच टॅक्सीत बसली. काल रात्री तिचा फोन आला होता. लेकीच्या दारात लिंबाचं झाड आहे, म्हणाली, अजून लहान आहे, पण पुढच्या हिवाळ्यापर्यंत डबाभर लिंबं नक्की येतील, आणि कोपटनचा परवाना तिने आत्ताच काढून ठेवलाय.